चाळीस, तीस, वीस

रात्री अकराला कॉफीवाल्यानं शटर ओढलं
आणि बेर्गामोचा विमानतळ
वऱ्हाड परतल्यावरच्या कार्यालयासारखा झाला.
दोन खुर्च्यांमध्ये लोखंडी हात.
कोणी आडवं होऊ नये म्हणून
कुणीतरी पगार घेऊन हे डोकं लढवलेलं.
मी त्या हातांखालून पाय घालून पाहिले,
मग सरळ फरशीवर उतरले.
विमान सहा-पाचला. तिकीट एकोणीस युरोचं.
झोप त्यात धरलेली नाही.

शेजारी एक बाई. अंगात तीन स्वेटर,
वर पुरुषी कोट, ऐन मे महिन्यात.
मी विचारायच्या आत म्हणाली,
"अंगावरचं मोजत नाहीत."
माझ्याइतकीच मोडकी तिची इटालियन,
फक्त वेगळ्या ठिकाणी मोडलेली.
नाव स्तेलुत्सा. रोमेनियात, याशच्या पुढचं कुठलंसं गाव.
अकरा वर्षं एका म्हातारीचं केलं,
पिएरिनाबाईंचं:
हगणं-मुतणं, गोळ्या, रविवारी केसांना रोलर.
मंगळवारी म्हातारी गेली.
आज सकाळी मुलानं कुलूप बदललं.
"वाईट नाहीये तो," ती म्हणाली,
"बस-थांब्यापर्यंत सोडलं मला."

दोनच्या सुमाराला ती उठली,
पिशवी घेऊन गेली त्या निळ्या पिंजऱ्याकडे.
चाळीस, तीस, वीस.
यात मावेल ते फुकट,
न मावेल त्याला तिकिटाच्या तिप्पट.
आजूबाजूला चिटपाखरू नाही,
आणि ही परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी
पिशवी आत घालतेय, काढतेय, गुडघा लावतेय.
पिशवीच्या पोटात काहीतरी आडवं.

काढलं शेवटी बाहेर:
कॉफीचं अष्टकोनी भांडं,
बूड काळं, मूठ वितळून वाकलेली.
"दिलं नाही कुणी," ती म्हणाली. "घेतलं."
मग थोड्या वेळानं, मी काहीच बोलले नसताना,
"चांदीचे चमचे होते. त्यांना हात नाही लावला."

फरशी पुसायच्या यंत्रावरून अल्यून उतरला.
सेनेगलचा, उंच, रोज रात्री हेच बघणारा.
"तीन तुकडे होतात याचे," म्हणाला,
"एकेका खिशात एकेक."
पण आटे धरलेले.
ती पिळून थकली, मी थकले,
त्यानं हातमोजा काढून एक हिसका दिला
आणि भांडं उघडलं.

आत चोथा. मंगळवारचा.
गोल, दाबलेला, कडेनं अजून ओलसर.
ती कॉफी बेसिनमध्ये ओतली गेली होती,
हा तेवढा राहून गेला.
त्या साबणाच्या, फिनेलच्या, कुणाच्याच नसलेल्या हवेत
एका स्वयंपाकघराचा वास सुटला.
अल्यूननं कचऱ्याची पिशवी पुढे धरली.
ती थांबली.
मग कडेवर आपटून, सवयीच्या हातानं,
ठक्,
टाकला.
आणि बोट आतून फिरवून चाटलं.

पाचला दिवे वाढले. रांग लागली.
तिचं दार माझ्या शेजारचंच.

आमच्याकडे नवी नवरी
उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडून घरात येते.
मीही लवंडलंय, उजव्या पायानं, फोटोग्राफरसाठी दोनदा.
कुणाच्या दारात माप भरून ठेवायचं
आणि कुणाच्या दारात रिकामं,
हे ठरवणारे कधी दिसत नाहीत.

दारावरच्या पोरीला जांभई आली होती.
तिनं पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला.
पिंजऱ्याकडे मानही वळवली नाही.
सगळी रात्र ज्याच्यासाठी,
तो तसाच कडेला उभा, रिकामा.

जाताना स्तेलुत्साचा कोट त्याला घासला.
खिशात टिण् वाजलं.
पोरीनं वर पाहिलं.
स्तेलुत्सानं खिशावर हात ठेवला,
झोपेत चाळवलेल्या माणसाला
थोपटावं तसा,
आणि चालत राहिली.